दगडचाव्याची उणीव

दातवाला म्हणजे दात उपटणारा नव्हे, ते डॉक्टरचं काम. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवायचा आणि हा त्यावरून कवळी बनवायचा. वीस वर्षं परक्या जबड्यांत गेली. त्याच्या स्वतःच्या तोंडाचं मात्र एक दुखणं होतं. 'प' आला की ओठ असे चिकटायचे की पाणी मागेपर्यंत तहान मरून जायची.

रविवारी दुपारी औषधाच्या दुकानामागे, खोक्यांच्या राशीत टेबल टाकून चौघं खेळायला बसायचे. शाळेतला कारकून गोष्ट रचून सांगायचा आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. औषधवाला वैदू व्हायचा. दातवाल्याचा मेव्हणा, धंद्याने वायरमन, तलवारबहाद्दर व्हायचा. दातवाला हमाल. वार लागला की हुकला ते फासा ठरवायचा, बाकी सगळं तोंडाने.

हमालपण मेव्हण्याने दिलेलं. "भावजी, हमालाला बोलायचं काम नाही. सामान उचला आणि मागून या." अशी सहा वर्षं दातवाला मागून येत होता.

मग कारकुनाने सांगितलं की नव्या मोहिमेत राक्षसाच्या जातीचं पात्र चालेल, पण जात ज्याची त्याने घडवायची. दातवाल्याने त्याच दिवशी वही आणली. त्याला त्या टेबलावर एकदा पुढे चालायचं होतं. दुसरं काही नको होतं.

प्लास्टर सुकेपर्यंतच्या वेळात त्याने दगडचावे घडवले. डोंगराच्या पोटात राहणारी जात, दातांच्या दोन ओळी, लोखंडाचा तुकडा पाडणारा चावा. कातडी खडकासारखी. आपसात बोलतात ते दातांवर दात वाजवून. चाव्याला चार गुण, कातडीला तीन, अंधारात दिसण्याला एक. बेरीज आठ. टेबलाचा नियम असा की आठ गुण घेतले तर आठ उण्याची उणीवही हवी, म्हणजे शून्यावर हिशेब मिटतो. आणि साध्या शिपायाशी नुसत्या फाशावर शंभर झुंजी लावल्या तर पन्नासच्या आसपास जिंकायला हव्यात. जास्त जिंकला तर जात माजलेली, कमी जिंकला तर मेलेली.

दुसरा नियम या चौघांचाच होता. गुण घडवणाऱ्याने लिहायचे, उणीव इतरांनी. कारण आपल्या लेकराला कोणी आपल्या हाताने लंगडं करत नाही. औषधवाल्याने एकदा आपल्या वैदूला उणीव म्हणून 'उन्हात शिंका येतात' लिहिलं होतं, तेव्हापासून हा नियम.

मेव्हण्याने वही पुढे ओढली. "मी सांगतो, कारकून लिहितील. चावा घेण्याआधी दगडचाव्याने कुळाचा मंत्र म्हणायचा. एका दमात, न अडखळता. अडखळला की चावा फुकट."

"कसला मंत्र?" कारकुनाने विचारलं.

"पाताळातल्या पहिल्या पहाडा, पाऊल पुढे पडू दे."

औषधवाल्याने हसू दाबायला खोकल्याचं सोंग घेतलं.

"आणि खेळणाऱ्याने स्वतः म्हणायचा," मेव्हणा म्हणाला. "फाशावर नाही."

"राक्षस तोतरा नाही," दातवाला म्हणाला. "मी आहे."

"मग राक्षसालाच बोलवा खेळायला!"

कारकून तसा वाईट माणूस नव्हता. त्याला आकडा जुळला म्हणजे न्याय झाला असं वाटायचं, एवढंच. "उणीव किती उण्याची ते मोजायला हवं," तो म्हणाला. "वीस वेळा म्हणून दाखव."

दातवाला उठून गेला असता तर गोष्ट संपली असती. पण त्याला राक्षस हवा होता. तो टेबलापाशी उभा राहिला आणि वीस वेळा 'पाताळातल्या' म्हणू लागला. कारकून रेघा ओढत होता. सातव्या वेळी थुंकी उडाली, मेव्हण्याने रुमालाने वही पुसली. "सावकाश भावजी, पहाड कुठे पळत नाही." बाराव्या वेळी औषधवाल्याने दुकानातलं गिऱ्हाईक आत बोलावलं, ऐकायला. विसात पाच वेळा जमलं.

कारकुनाने त्याच हिशेबाने झुंजी लावल्या. शंभरात एकावन्न. "चोख तोल आहे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

दगडचावा दुसऱ्याच रविवारी मेला. समोर भाला घेतलेला शिपाई, आणि दातवाला 'पा' वर अडकलेला. मेव्हणा भाला भोसकल्याचा आवाज तोंडाने काढत बसला. दातवाल्याच्या हाती परत हमाल आला.

"जात मात्र झकास आहे," मेव्हणा म्हणाला. "माझा तलवारवाला म्हातारा झाला. दगडचावा मी घेतो."

मेव्हण्याची जीभ कातरीसारखी. मंत्र तो एका श्वासात तीनदा म्हणायचा. दर चावा लागायचा. महिनाभरात त्याने सेनापती खाल्ले, किल्ल्याचा दरवाजा खाल्ला. वैदूला जखमा बांधायला कोणी उरेना. खेळ पार बेचव झाला, तेव्हा कुठे कारकुनाची ट्यूब पेटली. उणीव राक्षसाची नव्हतीच, दातवाल्याची होती. दुसऱ्याच्या तोंडात ती शून्य.

"नवी उणीव लिहावी लागेल," कारकून म्हणाला, आणि पेन्सिल दातवाल्यापुढे ठेवली. "जात तुझी, तूच सुचव. ज्याला झेपणार नाही त्याने पात्र सोडायचं."

"लिहा, लिहा," मेव्हणा हसला. "मुकं करा हवं तर."

दातवाल्याने फार वेळ घेतला नाही. त्याने लिहिलं: चाव्याआधी गोष्ट सांगणारा एक चिठ्ठी लिहून देईल. ती खेळणाऱ्याने मोठ्याने वाचायची. वेळेचं बंधन नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने त्याला एक गोष्ट सांगितली होती, शपथ घालून. तिचा भाऊ दुसरीतच शाळेतून पळाला होता. वायरी रंगावरून कळतात, आकडे ओळखता येतात, सही घोटून घेतलेली. बाकी अक्षर म्हणजे त्याला मुंग्यांची रांग.

कारकुनाने चिठ्ठी दिली. मेव्हण्याने ती धरली, जवळ नेली, लांब नेली.

"चष्मा घरी राहिला. औषधवाले, जरा बघा हो."

"खेळणाऱ्याने वाचायचं," कारकून म्हणाला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

दातवाल्याने आपला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

मेव्हण्याने चष्म्याला हात लावला नाही. औषधवाला आधी त्याच्याकडे, मग चिठ्ठीकडे बघू लागला, आणि सहा वर्षं आपण याला कागद का वाचून दाखवत आलो ते त्याला कळलं. तो एकदा फस्सकन हसला.

"ताईने सांगितलं," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला.

"वाच," दातवाला म्हणाला.

मेव्हणा उठला. खुर्ची खोक्यांवर आपटली, बाटल्या खणखणल्या. त्यानंतर तो त्या खोलीत आला नाही आणि बहिणीच्या दारातही आला नाही. तिने भावाला फोन करकरून पाहिलं, मग नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, मला काय ठाऊक.

पण ते पुढचं. त्या दुपारी दातवाल्याने राक्षसाचा कागद आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि चिठ्ठी उचलली. तिच्यावर चार शब्द होते, दोन 'प' चे. वाचायला त्याला दीड मिनिट लागलं. कारकून आणि औषधवाला हातावर हात ठेवून बसून राहिले, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मग त्याने फासा टाकला.