टेबलावरचा तळहात

बसप्पाबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. आज तुम्हांला सांगायला बसलो — तर हात आधी टेबल आवरायला लागले. सवय. वस्तू जागच्या जागी, काम नेमल्या माणसाकडे.

निजामाचं राज्य होतं. धाराशिवकडच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची खोली माझ्या हाताखाली होती. नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र तेलाच्या इंजिनावर, पट्ट्यानं चाले, आणि इंजिन त्याच खोलीत. मला तो आवाज सोसेना. म्हणून मी मध्ये फळ्यांची भिंत घालून घेतली — अलीकडे मी, पलीकडे इंजिन आणि ते चालवणारा बसप्पा. त्याच्या बाजूला आवाज जास्तच घुमणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

पुढे तो म्हणाला, "साहेब, कानात सारखी शिट्टी वाजतीया. आपण दोघं पाळीनं बसू की."

"गाडी आली असंल. बस जा," मी म्हणालो. सगळे हसले.

मग तो ऐकेनासाच झाला. चहाच्या वेळी मी नुसते ओठ हलवायचो. तो अंदाजानं काहीतरी उत्तर द्यायचा, लोक हसायचे, आणि त्यांच्याबरोबर तोही. काम अडू नये म्हणून मात्र मीच युक्ती काढली होती. लांब टेबल फळ्यांखालून पलीकडे गेलेलं होतं. त्यावर मी बोटं आपटायचो — तळहात टेकून बसलेल्या बसप्पाला ते लाकडातून कळायचं.

एक दिवस तो पाळीची मागणी घेऊन थेट डॉक्टरसाहेबांकडे गेला. मला ओलांडून. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा मी शांतपणे सांगितलं — याचे कान पहिल्यापासून अधू, लपवून नोकरीला लागला. साहेब म्हणाले, उद्या मागून हाक मारून बघतो. ऐकलं तर राहील.

हे कुणीतरी खुणेनं सांगितल्यावर बसप्पा माझ्याकडे आला. "हाक मारली की तेवढं टेबल वाजवा साहेब. दोन पोरींची लग्नं व्हायची हायत." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो पाठ करून बसला, तळहात टेबलावर. साहेबांनी हाक मारली. परत मारली. माझी बोटं लाकडाला टेकलेलीच होती — ती मी हलवली नाहीत. घाबरलो होतो म्हणू? नव्हतो. त्याची पाठ ताठ होत चाललेली बघून मला बरं वाटत होतं.

बसप्पा बरखास्त झाला. नवा माणूस आल्यावर इंजिन मागच्या पडवीत हलवलं. एका सकाळचं काम होतं.

जायच्या दिवशी बसप्पा दारात थांबला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाला, "तुमी वाजवलं असंल साहेब. माज्याच हाताला कळलं न्हाय."

मी होकाराची मान हलवली — हो, वाजवलं होतं, अशी.

तो आपल्या तळहाताकडे बघत पायऱ्या उतरला.