मेढ रोवण्याआधी पाणी

“ए, हात लावू नगंस! बाटवलंस का रांजण?”

छपराची शेवटची गाठ मारून मी नुकतीच खाली उतरलेली. अंगावर त्या म्हाताऱ्याच्याच खोपीची धूळ. त्याने माझ्या हातातला तांब्या हिसकावला, पाणी ओतून दिलं आणि माझ्यादेखत तो राखेने घासला.

मराठवाड्यात भूकंप झाला तेव्हाची गोष्ट. बोईसरच्या कारखान्यात तिकडचे बरेच कामगार. त्यांनी ट्रक भरला. बांबू, कारवी, ताडपत्र्या. कुडाच्या खोपी बांधायला माणसं पाहिजेत म्हणून मासवणकडच्या आमच्या आदिवासी पाड्यावर आले. आमी बायाबाप्ये गेलो.

आमच्यात घर बांधायला सगळा पाडा येतो. मजुरी कोणी घेत नाय. घरधनी पाणी देतो, आंबील देतो. बांधणारा तहानलेला परतला तर त्या घरात राहायला जायचं नाय, अशी रीत. म्हणून मी न विचारता तांब्या उचलला. चुकलंच माझं! मला वाटलं, सगळीकडे अशीच रीत असेल.

त्याची सून नि नातू ढिगाऱ्याखाली गेलेले. म्हणून मी पहार उचलून पुढच्या खोपीकडे निघाली. पण आतून जळत होती. माझ्या हातचं घर चालतं, माझा हात लागलेलं पाणी चालत नाय?

मग सोजरची खोप बांधायची होती. त्याच गावची, दलित वस्तीतली. नवरा भूकंपात गेलेला, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मी म्हाताऱ्याच्या खोपीशेजारी, उंचवट्यावर, खांबांच्या खुणा केल्या. म्हातारा काठी टेकत आला.

“तिची खोप वढ्याकडंला. पयल्यापासून तसंच हाय.”

ओढ्याकडे नुसता चिखल. वर आभाळ भरलेलं. आमच्याबरोबर आलेला कारखान्याचा सुपरवायझर मला म्हणाला, “आपण पाहुणे. वाद नको. सांगतील तिथे बांध.”

बोईसरला मी मजुरीला जायची, तिथला मुकादम मला ‘ए जंगली’ म्हणायचा. मी मान खाली घालून घमेलं उचलायची. तीच मान इथेही खाली जायला लागली. तेवढ्यात ते पोर खोकलं.

“नाय बांधणार,” मी म्हाताऱ्याला म्हटलं. “वढ्यात तुमी जाऊन राहा.”

सोजर घाबरली. “बाई, तुमी जाल निगून. आमाला हितंच ऱ्हायचंय.”

खरं बोलली ती. मी पहार खाली ठेवली. “मग तूच सांग, कुठं बांधू?”

ती पोराकडे बघत राहिली. मग आपल्या जर्मनच्या तांब्यातलं पाणी तिने माझ्यापुढे धरलं.

“प्या. आन् हितंच बांधा.”

मी घटाघटा प्याली. म्हातारा शिव्या देत होता, सुपरवायझर हात जोडत होता. आमच्या माणसांनी उंचवट्यावरच मेढी रोवल्या.

पुढे तिला तिथे राहू दिलं की हुसकलं, मला कळलं नाय. तो काटा अजून सलतो.

परत आल्यावर मुकादमाने हाक मारली, “ए जंगली!” मी घमेलं खाली टाकलं. त्याने माझं नाव घेईपर्यंत उचललं नाय.

आणि आजही कोणी घर बांधायला बोलावलं, की पहिल्या मेढीचा खड्डा खणण्याआधी मी पाणी मागते. त्यांच्या तांब्यातलं, त्यांच्या हातून. दिलं तर बांधते. नाय दिलं तर त्यांनी उघड्यावर झोपावं.