उजेड काऊन वळत नाई?

रोहण्याच्या बसस्टॉपवर रूपरावचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं वह्या-पेनांचं. पस्तीसेक वर्षं आम्ही एकमेकांचा चहा पितो आणि एकमेकांचं डोकं खातो. आता टीव्ही घेऊन त्याच्याकडे कोणी येत नाही, मोबाइलची कव्हरं नि चार्जर खपतात. पाटी मात्र त्यानं बदललेली नाही. माणूस हट्टी.

या हट्टी माणसाला गाव 'चुंबक' म्हणतं, आणि ते नाव पडण्यात माझा हात आहे.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही दोघं वर्ध्याला टीव्ही दुरुस्ती शिकायला जायचो. मास्तरांनी एकदा चालू ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काचेजवळ लोहचुंबक धरलं आणि बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड जिलबीसारखं वळलं. रूपराव उभा राहिला. "सर, चुंबकानं चित्र वळते, मंग बॅटरीचा उजेड काऊन वळत नाई?"

"उजेड काय लोखंडाचा हाय का रे?" मास्तर म्हणाले. सगळा वर्ग हसला. मी तर पोट धरून हसलो, आणि गावात येऊन ती गोष्ट चहाच्या टपरीवर चांगली तिखटमीठ लावून सांगितली.

पण त्या सवालानं रूपरावचा पिच्छा सोडला नाही. कितीदा मी पाहिलंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हा शटर अर्धं ओढायचा, भिंतीवर बॅटरीचा झोत पाडायचा आणि फुटक्या स्पीकरचं चुंबक त्या झोतात धरून बघत बसायचा. झोत आपला सरळच्या सरळ. मला हसू यायचं, आणि मी ते लपवतही नव्हतो.

गेल्या मे महिन्यात त्याची भाची अंकिता आली, त्याच्या बहिणीची, नलूची मुलगी. ती बंगलोरला एका संस्थेत संशोधन करते. मामानं तिला दुकानात बसवलं, मलाही चहाला बोलावलं आणि विचारलं, "तुहं काम नेमकं काय हाय वं?"

अंकितानं पर्समधून नाण्याएवढं चुंबक काढलं. "अवकाशात पाठवाच्या दुर्बिणीत हे लावतो आमी."

"दुर्बिणीत? चुंबक?" रूपराव पुढे सरकला.

"थांबा, दाखवते," म्हणत ती दुकानातल्या रंगीत टीव्हीकडे वळली, तसा रूपराव ओरडला, "कलरले नको लावू! आतली जाळी वाकली का मंग डाग जात नाईत!" भाची एवढी शिकलेली, पण हे तिला कोण सांगणार? जुने टीव्ही तिनं उघडले कुठे होते?

त्यानं माळ्यावरून जुना ब्लॅक अँड व्हाइट उतरवला, मागचं झाकण काढलं. मागून काम करताना पडदा दिसावा म्हणून मेकॅनिक समोर आरसा ठेवतात, तो धरायला मला उभं केलं. टीव्ही लागला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अंकितानं चुंबक पिक्चर ट्यूबच्या मानेजवळ नेलं आणि मुंग्यांचा अख्खा चौकोन एका बाजूला घसरला.

"मामा, या ट्यूबमधून इलेक्ट्रॉन पळतात. त्याइच्यात विजेचा भार असते, म्हणून चुंबक त्याइले वळवते. अवकाशात बी असेच भार असलेले कण उडून राह्यले. आमची दुर्बीण ताऱ्याइचा एक्स-रे गोळा करते, अन् तो बी एक उजेडच. त्याच्यासंग हे कण आत शिरतात अन् चित्र नासवतात."

"मंग?"

"मंग वाटेत चुंबक लावाचं. कण बाजूले वळतात. उजेडावर भारच नाई, तो सरळ कॅमेऱ्यावर जाते. उजेड वळत नाई, म्हणून तर आमचं काम चालते."

रूपराव स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्सं मले वाटे, मीच येडा हाव," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रूपराव, मी बी हासलतो," मी कसंबसं म्हटलं.

"माहीत हाय. सगळ्याइत मोठ्यानं तूच हासलता," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो भाचीला विचारत होता, "बाजूले वळवलेले कण जातात कुठी?"

"आतल्या भिंतीवर आदळतात."

"अन् आदळून उसळले, फिरून कॅमेऱ्यावर आले तं?"

"तेच मोजाचं काम माह्याकडं हाय, मामा. पुरं उत्तर अजून नाई भेटलं."

मला वाटलं, आता हा हिरमुसणार. कुठलं काय! रूपरावचा चेहरा असा खुलला की त्याच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे तुमाले बी माहीत नाई?" त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग बाह्या वर सारून तो उठला आणि माझ्यावर खेकसला, "भैयाजी, आरसा नीट धर. चुंबक अजून जरा फिरवून पाहू."