अग्रलेखाला टाचलेलं तिकीट

"जाऊन आलास का बे?" कुणीही मत मांडलं की चष्मा कपाळावर चढवून ते एवढंच विचारायचे. मत अमेरिकेवरचं असेल तर तेवढी सूट असे.

बीडच्या आमच्या छोट्या दैनिकात ते अग्रलेख लिहीत आणि मी त्यांच्या हाताखाली उपसंपादक. ज्या गावावर लिहायचं तिथे आधी एसटीने जायचं, आल्यावर तिकीट अग्रलेखाच्या कागदाला टाचणीने टाचायचं, हा त्यांचा नेम. तिकिटाशिवाय मजकूर ते पुढे जाऊच देत नसत. एकदा घाटातल्या एका वळणावर लिहायला त्यांना दोन दिवस लागले. तोवर आम्ही अग्रलेखाच्या जागी सुविचार छापला. वाचकांना तोच जास्त आवडला, ही गोष्ट वेगळी.

पुढे मालकांनी यूट्यूब चॅनल काढलं. रोज संध्याकाळी चार चौकटींत चार तज्ज्ञ. असे तज्ज्ञ तुमच्याही फोनमध्ये असतीलच. एकदा तलवाड्याकडच्या एका वस्तीवरची शाळा बंद पडल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी एका चौकटीत त्यांनाही बसवलं होतं. निवेदकाने विचारलं, "दोषी कोण? एका शब्दात सांगा!"

ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं जातो, मंग सांगतो."

उरलेल्या तिघांना सगळं माहीत होतं. त्या तिघांत मीही होतो. मी एका दमात शिक्षक, पालक आणि सरकार असे तिघेही दोषी ठरवले. त्यांच्या त्या वाक्याला मात्र कुणीतरी हशा जोडला आणि ते जिल्हाभर फिरलं.

ते खरंच गेले. शाळेला कुलूप होतं, कारण छताचं काम चालू होतं. पोरं मारुतीच्या पारावर बसून पाढे म्हणत होती. तिकीट टाचलेला लेख त्यांनी मालकांपुढे ठेवला. "विषय शिळा झाला," मालक म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून अग्रलेख माझ्याकडे आला. मला वाईट वाटलं, पण नको म्हणण्याइतकं नाही.

नोकरी सोडून धारूरला, आपल्या गावी जाताना त्यांनी टाचण्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ दे. लागंल तुला."

गेल्या महिन्यात ते वारले. मृत्युलेख मी अर्ध्या तासात लिहिला. 'ग्रंथांनी भरलेल्या अभ्यासिकेत त्यांनी अखेरचा श्वास घेतला.' असं वाक्य आपोआप येतं, हाताला वळण पडलेलं असतं.

लेख छापून आल्याच्या तिसऱ्या दिवशी धारूरला गेलो. दोन पत्र्याच्या खोल्या. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, लेखाचं कात्रण घडी करून देवापाशी ठेवलं होतं.

"लई चांगलं लिवलं भाऊ तुमी," त्या म्हणाल्या. मग जरा संकोचून, "पर अभ्यासिका न्हाई आमच्यात. अंगणात बाजंवर गेले ते." खिडकीत पाच-सहा पुस्तकं होती. चहा देताना त्यांनी सहजच विचारलं, "याच्या आदी आलते का तुमी कवा आमच्याकडं?"

मी नकारार्थी मान हलवली. खिशात हात घातला तर सकाळचं बीड-धारूर तिकीट हाताला लागलं. लेख दोन दिवस आधीच छापून गेला होता.