तीन बोटं वर

सायकल दुरुस्त झाली तरी मिस्त्री ती चटकन गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. पुढचं चाक गुडघ्यांत धरायचं, हँडल पिळून बघायचं, आणि पुन्हा एकदा पिळून बघायचं. चाळीस वर्षं एकाच पत्र्याखाली काढलेल्या माणसाला स्वतःच्याच हातांचा भरवसा का नसावा, हे कोणाला कळत नसे. "मिस्त्री, सायकल आहे, जावई नव्हे; किती पारखाल!" अशी थट्टा व्हायची. मिस्त्री हसायचे नाहीत, खुलासाही करायचे नाहीत.

एका सकाळी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर टेम्पोतून उतरले, बायकोच्या खांद्याचा आधार घेत. मागे त्यांची जुनी काळी सायकल होती. गुडघे पार गेलेले. वीस पावलं चालले की टेकावं लागायचं. पण एकदा सीटवर बसले की बाजार, वाचनालय, मित्राचं घर, सगळं पालथं घालून यायचे. आता कंबरही वाकेना. हँडल वर घेतल्याशिवाय त्यांना सायकलवर बसता येणार नव्हतं.

"तीन बोटं वर घे, बस. नाहीतर घरात बसून हिच्या हातून मरेन."

"मी कशाला मारू?" वहिनी म्हणाल्या. "दिवसभर माझ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवतात. साखरेच्या डब्यावर 'जेवणानंतर' लिहिलंय."

मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांनी हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट चार आटे सैल केला, वर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने ठोकला. दांडा आतून आवळून धरणारी पाचर खट्कन खाली सुटली. आता दांडा फिरायला हवा होता. तो हलला नाही. मिस्त्रींनी सायकल उलटी केली, चाक काढलं, दांडा ज्या नळीत अडकला होता तिच्या खालच्या भोकातून तेल सोडलं आणि म्हणाले, "तीन दिवसांनी या."

ते तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. फार जोर केला तर चाक धरणारा चिमटा वाकणार. दांडा कापला तर त्या मापाचा दुसरा कुठे मिळत नव्हता. म्हणजे कंपाउंडरांचं फिरणंच संपलं.

चौथ्या दिवशी चिमट्याच्या दोन पायांत फळी घातली. कंपाउंडरांनी स्टुलावर बसून ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. मिस्त्रींनी सगळं अंग हँडलवर टाकलं. दांडा ढिम्म.

"कोणी आवळलंय रे हे? माणूस होता की राक्षस?"

मिस्त्रींनी हात खाली घेतले. "मीच."

"तू? कधी?"

"एकोणीस वर्षं झाली. तुम्ही टाकीच्या वळणावर पडलात ना, त्यानंतर." मिस्त्री फळीकडे बघत बोलत होते. "तुम्ही खड्ड्यामुळे पडला नाहीत, साहेब. आदल्या दिवशी मी हँडल बसवलं आणि बोल्ट आवळायचा विसरलो. तुम्ही हँडल वळवलंत, चाक वळलंच नाही. मग सायकल परत आली तेव्हा दांडा रॉकेलने कोरडा पुसला. ग्रीस लावलं नाही. पुन्हा सरकायलाच नको, म्हणून जीव खाऊन आवळला. तोच गंजून बसलाय."

कंपाउंडरांच्या हातून फळी सुटली.

"तीन महिने यांना हाताने भरवलंय मी," वहिनी एवढंच म्हणाल्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग कंपाउंडर म्हणाले, "खड्ड्यासाठी मी नगरपालिकेत दोन अर्ज दिले होते."

"हो."

"अर्जावर तुझी सही होती."

"होती."

"दोन्ही अर्जांवर."

"दोन्ही."

कंपाउंडरांनी समोरच्या दोन बसवलेल्या दातांवरून जीभ फिरवली. कण्हत, कसंबसं वाकून फळी उचलली, चिमट्यात घातली आणि धरली. "फिरव," म्हणाले. आवाजात माया नव्हती.

मिस्त्रींनी फिरवलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आत काहीतरी करकरलं, भोकातून तांबडी पूड भुरभुरली आणि दांडा सुईच्या टोकाएवढा हलला. मग पुढे-मागे, पुढे-मागे करत, तेल सोडत, अर्ध्या तासाने तो बाहेर आला. चिमटा सरळ होता.

मिस्त्रींनी गंज खरवडला, ग्रीस माखलं, चाक चढवलं. दांडा तीन बोटं वर ठेवून हँडल चाकाशी नीट जुळवलं आणि पाना उचलला. कंपाउंडरांनी हात पुढे केला.

"आण इकडे. मी आवळतो."

मिस्त्रींनी पाना दिला. आयुष्यभर औषधाच्या पुड्या बांधलेले ते हात. पाना आधी दोनदा घसरला. मग बसला. कंपाउंडर आवळत गेले. मनगटावरच्या शिरा फुगल्या, ओठ घट्ट मिटले, तरी थांबेनात.

"बस," मिस्त्री हळूच म्हणाले. "आता थांबा, साहेब. याहून जास्त नको."

कंपाउंडरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पाना अजून बोल्टवरच होता, आणि हातात अजून जोर होता.

मग त्यांनी पाना काढून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "अगं, धर जरा. बसून बघतो."