पिंपातली आमटी

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच वस्तू पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत स्वतःच्या हातांनी बनवली, आणि माझ्या बायकोने तिच्यात आमटी केली. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवलेला नाही. मी तो नीट झाकून ठेवलाय, आणि पाहुणे आले की गरम करून वाढतो.

दोन हजारचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. आम्ही वॉटफर्डला राहायचो. दिवसभर लंडनच्या एका ऑफिसात मी बँकांची सॉफ्टवेअर दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी घरी परतताना आज आपण नक्की काय केलं हे बोट ठेवून दाखवता यायचं नाही. म्हणून एका हिवाळ्यात मी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली आणि तिच्या जागी घरच्या बिअरचा कारखाना उभा करायला घेतला.

कारखाना म्हणजे स्टेनलेस स्टीलची तीन पिंपं. पबच्या तळघरात बिअरची असतात तीच, पन्नास लिटरची, एका बंद पडणाऱ्या छोट्या ब्रुअरीकडून रीतसर पावती करून आणलेली. पहिल्यात पाणी तापवायचं. दुसऱ्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडून भिजत घालायची. तिसऱ्यात त्यातून उतरलेला गोड काढा बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं टाकून तासभर खळखळ उकळायचा. तिघांत राजा हा तिसरा.

त्याचा माथा मी अँगल ग्राइंडरने कापला तेव्हा शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून शांतपणे विचारलं, पोलिसांना बोलवू की अँब्युलन्सला. तळाशी तोटीसाठी भोक पाडायला तर तीन शनिवार गेले. स्टेनलेसला घाई खपत नाही. ड्रिल जोरात फिरवलं की ते तापतं आणि आणखी कडक होतं, मग ड्रिलचं टोक बोथट होतं आणि माणूस आईवरून शिव्या देतो. हळू फिरवायचं, तेलाचे थेंब सोडत राहायचं. कापलेली कड मी कानशीने घासली, मग पॉलिश पेपरने, मग डोळे मिटून बोट फिरवलं. शेवटी ते असं झळकायला लागलं की मी एकदा त्यात बघून भांग पाडला.

त्याचे नियम दोनच. आत तेलातुपाचा थेंब जायचा नाही, कारण ओशटपणा राहिला की बिअरवर फेस धरत नाही. आणि लोखंडी तारेची घासणी लावायची नाही, कारण तिचे कण चिकटून राहतात आणि स्टेनलेसलाही गंज चढतो. हे मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की एकदा भाजी निवडता निवडता तिने ते माझ्याच आवाजात मला म्हणून दाखवलं.

आता तिच्याबद्दल. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पाच वर्षं कांदे चिरत होती. पाच वर्षांनी, बऱ्याच चर्चेनंतर, महाप्रसादाचं सगळं स्वयंपाकघर तिच्या हाती आलं. मंडळाच्या अध्यक्षांनी ते देताना सगळ्यांसमोर म्हटलं होतं की वहिनींना दोनशे माणसांचा अंदाज येईल का, ही त्यांना जरा काळजी वाटते. ती हसली होती. घरी येऊन तिने आमटीचं प्रमाण चार वेळा वहीत मांडलं.

महाप्रसादाच्या शनिवारी सकाळी मी दुकानातून परत आलो, गॅरेज उघडलं, आणि राजा नव्हता. खालची गॅसची शेगडीही नव्हती. स्टँडवर चिठ्ठी होती: "केटररने मोठा टोप लग्नाला दिला. तिसरं नेलंय. ओरडू नकोस. ये."

हॉलपर्यंत वीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात मी गाडीत एक भाषण तयार केलं. त्याला सुरुवात होती, मध्य होता, आणि शेवटी असा एक पॉज होता की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. प्रत्येक सिग्नलला मी त्यात भर घालत होतो. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

हॉल एका चर्चचा होता, दर वर्षी आम्ही तो भाड्याने घ्यायचो. मागच्या अंगणात माझ्या शेगडीवर माझं पिंप, आणि त्यात चिंच-गुळाची आमटी रटरटत होती. वर तेलाचा तवंग, बोटभर. त्यात गोडा मसाला, हिंग, खोबरं, जे जे म्हणून स्टीलला वर्षभर सोडणार नाही ते सगळं. पिंपाच्या काठाला तिने पंचा गुंडाळला होता. मी तोंड उघडलं.

तिने माझ्याकडे न बघता डाव फिरवत हळूच म्हटलं, "दुधाचं पिंप आहे म्हणून सांगितलंय. इथे काही बोललास तर माझं स्वयंपाकघर गेलं."

एवढं सुंदर भाषण, आणि ते मला गिळावं लागलं. ज्यात नैवेद्य शिजतोय ते बिअरचं आहे हे मीच ओरडून सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला कळत होतं. मी जगातला एकमेव माणूस होतो ज्याच्या रागाला कारण होतं आणि ते सांगायला बंदी होती. मी एका कोपऱ्यात जाऊन केळीची पानं पुसायला लागलो. दोन पानं फाडली.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, रांग लागली. आणि मग माझ्या तोटीचं कौतुक सुरू झालं. ओगराळ्याची भानगड नाही, वाटी खाली धरा, आमटी हजर. एक आजी तर दोनदा आल्या, नुसती तोटी फिरवायला. मध्येच कढीपत्त्याचं पान अडकून धार बंद पडली, तेव्हा मीच गुडघ्यावर बसून ते काढलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रागावलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या की फार पंचाईत होते.

तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी ओघळ बघितले, नापसंतीने च्च केलं, खिडकीतली तारेची घासणी उचलली आणि सगळ्यांच्या देखत माझं पिंप घासायला लागले. गोल गोल. जोर लावून. खर्र, खर्र. तो आवाज मला दातांत ऐकू येत होता. घासता घासता पंचा सुटला आणि काठावर कोरलेली ब्रुअरीच्या नावाची ठसठशीत अक्षरं उघडी पडली.

रांगेत पुढेच आमचे डॉक्टरकाका होते. सत्तरच्या दशकात इथे आलेले, निवृत्त, स्वच्छ मनाचे. ते खूश होऊन म्हणाले, "अरे, हे तर बिअरचं पिंप. आमच्या कोपऱ्यावरच्या पबमागे रांगेने ठेवलेली असतात."

आमटीची बारीक धार तेवढी चालू होती, बाकी सगळं थांबलं. अध्यक्षांनी घासणी खाली ठेवली.

"वहिनी, हे नक्की कसलं आहे?"

माझी वेळ आली होती. मी हातातलं पान खाली ठेवलं, छाती भरून श्वास घेतला. पण ती माझ्या आधी बोलली.

"बिअरचं आहे. आमच्या घरचं. तीनदा सोडा घालून उकळून घेतलंय."

"अहो, पण बाप्पाचा नैवेद्य..."

"नैवेद्याचा भात आत हॉलच्या पातेल्यांत झालाय. दर वर्षी होतो. त्याच पातेल्यांत इथे बुधवारी ज्येष्ठांसाठी बीफ स्ट्यू असतो. बाहेर बोर्डावर मेनू आहे. तुम्ही दर वर्षी त्याच बोर्डाखाली चपला काढता."

कोणीतरी हातातल्या भाताकडे बघितलं. काही जण ताटं तशीच ठेवून बाहेर पडले, त्यांत अध्यक्षांच्या घरचे होते. बहुतेक लोक मात्र भुकेले होते. डॉक्टरकाकांनी वाटी परत तोटीखाली धरली आणि आमटी फर्मास झाल्याचं जरा मोठ्यानेच सांगितलं. आपण काय करून बसलो हे त्यांना आता कळलं होतं. ती वाढत राहिली. मी बाजूला उभा होतो, श्वास अजून छातीतच.

मंगळवारी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर अध्यक्षांचं पत्र आलं. शब्द अतिशय गोड. सदस्यांच्या भावनांचा आदर राखून यापुढे स्वयंपाकघराची जबाबदारी अनुभवी हातांकडे सोपवण्याचा विचार आहे. वहिनींच्या उत्साहाबद्दल आभार.

उत्साह. हा शब्द वाचून मी खुर्चीतून उठलो. तीन दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. एका बैठकीत मी चार पानांचं उत्तर लिहिलं, आणि सांगतो, ते काय उत्तर होतं. प्रत्येक परिच्छेदात अध्यक्ष एकदा मरत होते. मी ते छापलं आणि तिच्यापुढे ठेवलं, आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

तिने चष्मा लावून शांतपणे वाचलं. मग पानं परत माझ्या हातात दिली.

"यात तीन पानं ओरखड्यांवर आहेत," ती म्हणाली. "मी शेवटच्या पानावर येते. खाली."

मी वाचून बघितलं. खरं होतं. घासणीचा प्रकार, पॉलिश पेपरचे नंबर, गंज कसा चढतो याचं सविस्तर विवेचन. आणि अखेरीस, माझी पत्नीही दुखावली आहे. 'पत्नीही'. पिंपानंतर.

इतका वेळ अध्यक्षांवर असलेला राग त्या क्षणी घरी परत आला आणि माझ्याच शेजारी येऊन बसला. तिची पाच वर्षं, ती वही, सगळ्यांसमोर ते बोलणं, आणि मी त्या अंगणात काय बघत होतो, तर पिंपाचा काठ.

मी पानं फाडली. नवीन लिहून देऊ का, विचारलं. ती म्हणाली, सरक. माझ्या खुर्चीत बसून तिने दोन ओळी टाइप केल्या. मी मागे उभं राहून वाचल्या.

"मी स्वयंपाकघर सोडलेलं नाही. काढून घ्यायचं असेल तर सभा बोलवा आणि माझ्यासमोर काढून घ्या."

मी म्हटलं, एक शब्द जरा कडक करूया का. तिने बटण दाबलं.

त्या सभेला अध्यक्षांना सवड मिळाली नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दोनशे माणसांच्या आमटीची वही पुन्हा टेबलावर आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मला तिने कांदे दिले. डोळे चुरचुरायचे, आणि त्या निमित्ताने मी अध्यक्षांना मनात काय काय म्हणायचो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.