दोघा भावांची न झालेली लढत

अप्पांच्या हातांना कंप सुटल्यापासून त्यांना टीव्हीचा रिमोट नीट धरता येत नाही. म्हणून रविवारी सकाळी मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवते आणि बॉक्सिंग लावून देते. खऱ्या लढती त्यांनी पाहून संपवल्या. गेल्या वर्षापासून ते कॉम्प्युटरने रचलेल्या लढती बघतात. शंभर वर्षांपूर्वीचा एखादा विजेता आणि हल्लीचा एखादा, दोघांची उंची, वजन, हातांची लांबी, ताकद, दम असं सगळं भरलं की कॉम्प्युटर त्यांना एकमेकांसमोर उभं करतो. एक कधीच मेलेला असतो, दुसरा जिवंत. जो जिंकेल तो जिंकेल.

मी खालापूरला, तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानात काम करते. आठवडाभर उत्पन्नाचे दाखले, वारसनोंदी, प्रतिज्ञापत्रं. आमच्या पोशीर गावाहून जाण्यायेण्यातच माणूस अर्धा होतो. रविवारी पुन्हा पडद्यासमोर बसायचा मला कंटाळा येतो, पण आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि आमच्यात बोलण्यासारखं फार काही उरलेलं नाही. निदान लढतीवर बोलता येतं.

एका रविवारी मीच विचारलं, "अप्पा, तुमची आणि मोठ्या काकांची लढत लावायची का?"

अप्पा तरुणपणी खोपोलीच्या एका कारखान्याच्या बॉक्सिंग संघातून खेळायचे. त्यांच्याआधी त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, त्याच संघात होते. दोघांत बारा वर्षांचं अंतर. अप्पांना शिकवलं काकांनीच. अप्पा वीस वर्षांचे झाले त्या साली त्यांच्या वजनगटात एकच जागा होती आणि निवडीची शेवटची लढत या दोघांत ठरली. त्या दिवशी सकाळी काकांनी मनगट दुखतंय म्हणून नाव काढून घेतलं. अप्पांना जागा मिळाली आणि मागोमाग कारखान्यात कायमची नोकरी. काकांना नोकरी आधीपासून होती, पण ते पुन्हा कधी रिंगणात उतरले नाहीत. थोरल्याने धाकट्यासाठी जागा सोडली असं आमच्या वस्तीत सगळे सांगतात. काका वारले तेव्हा शोकसभेत, विहाराच्या ओट्यावर, तीन जणांनी तेच सांगितलं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते.

अप्पा म्हणाले, "लाव."

अप्पांना भिंतीशी उभं करून मी त्यांची मापं घेतली. पसरलेले हात इतके थरथरत होते की टेप तीनदा सुटली. काकांच्या मापांसाठी शेलूला काकूकडे गेले. ती मुलासोबत नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. काकांना संघाकडून मिळालेला कोट तिने जपून ठेवलाय. तो पलंगावर पसरून मी एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत मोजलं आणि कशासाठी मोजतेय तेही तिला सांगितलं.

"डोळ्याचं काय लिवलंस?" काकूने विचारलं.

"कुठल्या डोळ्याचं?"

"डाव्या. त्यांना डाव्यानं दिसत नवतं गं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत गेला. कुनाला सांगितलं नाय. कळलं असतं तर खेळ बंद झाला असता."

"आणि मनगट?"

"मनगटाला काय झालं नवतं," ती म्हणाली आणि कोटाची घडी घालायला लागली.

परतताना मला हलकं वाटत होतं. काकांनी जागा अप्पांसाठी नाही, डोळ्यामुळे सोडली, हे कळलं तर अप्पांचं पन्नास वर्षांचं ओझं उतरेल असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी आकडे भरले. डोळ्यासाठी रकाना नव्हता. पहिली लढत अप्पा जिंकले, दुसरी काका, तिसरी पुन्हा अप्पा. पडद्यावरची ती दोन माणसं आमच्या कुणासारखी दिसत नव्हती.

"दादा आसा नाय उभा राह्याचा," अप्पा म्हणाले. "तो मान वळवून उभा राह्याचा." आणि त्यांनी स्वतःची मान डावीकडे वळवून उजवा डोळा पुढे आणून दाखवला.

मी लढत थांबवली. काकूने सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"मला ठाव हाय," अप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"निवडीच्या आधी, सरावात. माझा उजवा हात दर वेळेला त्याच्या डाव्या गालावर बसायला लागला. मला वाटलं, मी तयार झालो. पंधरा दिवस मारत व्हतो त्याच जागी. मंग एकदा त्याचा डोळा बघितला आन् कळलं. तवापासून मी त्या बाजूला मारनं सोडलं. हात उचलायचो नि आवरायचो. दादाला ते चार दिवसांत उमगलं. काय बोलला नाय. पाचव्या दिवशी त्यानं नाव काढलं."

लोक म्हणत होते तसं ते नव्हतं आणि मी समजले होते तसंही नव्हतं.

"अजून लावू का एखादी?" मी विचारलं.

"नको. वहिनीकडं नेशील का मला?"

त्याच आठवड्यात रजा काढून मी त्यांना रिक्षाने शेलूला नेलं. लिफ्ट बंद होती. चार मजले चढायला अप्पांना पाऊण तास लागला. दर मजल्यावर ते पायरीवर बसायचे. काकूने पाणी दिलं. अप्पांनी मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये थांबत.

काकूने शेवटपर्यंत ऐकलं. "त्यांनी सांगितलं व्हतं मला, भावजी," ती म्हणाली. "त्याच दिवशी. घरी आले नि जेवले नाय. म्हनाले, माझा भाऊ मला जपून मारतो."

"राग व्हता का त्याला?"

"व्हता. लय वर्षं व्हता." तिने अप्पांच्या हातातला पेला काढून घेतला, कारण पाणी सांडत होतं. "तुमी जे केलं त्याचा नाय. तुमी येऊन बोलला नाय त्याचा."

अप्पांनी मान हलवली. बाहेर कुठल्याशा इमारतीत फरशी कापायचं मशीन चालू होतं. काकू चहा ठेवायला उठली आणि दारातून म्हणाली, "जेवूनच जा आता. परत उतरायचं हाय ना तुमाला."

अप्पा तिथेच पलंगावर आडवे झाले. चहा होईपर्यंत त्यांना झोप लागली होती. आम्ही दोघींनी त्यांना उठवलं नाही.